केळ्यावरचं चिलट आणि टिपाडातलं 'औषध'



नववीच्या वर्गात चेतासंस्था शिकवत होतो. फळ्यावर चेतापेशीची आकृती काढून झाली होती. वृक्षिका, पेशीकाय, अक्षतंतू, सगळ्या नावांना बाण दिले होते. मुलं निमूटपणे उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घरी डाळिंबाची बाग आहे त्याच्या. म्हणाला, "सर, औषध मारलं की किडे तडफडून मरतात. ते औषध किड्याच्या नेमकं कशावर चालतं? आणि दादा दर आठवड्याला फवारतात, मग त्यांना कसं काय होत नाही?"

मी म्हणालो, "किडा लहान असतो रे, त्याला थेंबभर विषही पुरतं." घंटा झाली आणि मी सुटलो.

पण त्या उत्तरानं माझंच समाधान झालं नाही. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं उत्तर माझ्या पाठीमागे फळ्यावर काढलेलं होतं! ज्या आकृतीला मी बाण देत होतो, तिच्यावरच ते 'औषध' काम करतं. किड्याच्याही आणि माणसाच्याही. मुलानं धड्याच्या गाभ्यालाच हात घातला होता आणि मास्तरला ते कळलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे, तेच आज मांडतो. वरकुट्यासारख्या बागायती गावात चेतासंस्थेचा धडा आकृतीपासून सुरू करू नये. तो पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटापासून सुरू करावा, आणि फवारणीच्या टिपाडापाशी आणून संपवावा. या दोन्ही गोष्टी मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. त्यांच्या मध्ये जे विज्ञान आहे ते कळलं तर मार्क तर मिळतीलच, पण एखाद्याचा जीवही वाचेल.

आधी कोणती माशी ते ठरवू

'फळमाशी' म्हटलं की आपल्याकडे शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर पेरूत, आंब्यात, काकडी-दोडक्यात अळी पाडणारी माशी येते. तिच्यासाठी आपण कामगंध सापळे लावतो. ती माशी वेगळी, चांगली मोठी, जवळजवळ घरमाशीएवढी. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पाळतात ती म्हणजे आपलं चिलट. टोपलीतली केळी जास्त पिकली, उसाचा रस सांडला की कुठून तरी हजर होतं ते. अडीच-तीन मिलिमीटर लांब, लाल डोळ्यांचं. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. ते चांगल्या फळाचं नुकसान करत नाही, सडत्या फळावरच्या यीस्टवर जगतं.

शंभराहून अधिक वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ हे चिलट पाळत आले आहेत. कारणं अगदी व्यवहारी आहेत. खायला थोडं लागतं, जागा एका बाटलीएवढी पुरते, आणि २५ अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहाएक दिवस लागतात. म्हणजे एका शैक्षणिक वर्षात तीस पिढ्या सहज बघता येतील! गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसाच्या आजारांशी संबंधित जी जनुकं माहीत आहेत, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं या चिलटात सापडतात.

निरोप जातो कसा?

मुलांना हे सांगताना मी आता दोन ओळखीच्या गोष्टी वापरतो, पाटाचं दार आणि शाळेची घंटा.

चेतापेशीच्या पडद्यावर बारीक बारीक दारं असतात. एका प्रकारच्या दारातून सोडियमचे आयन आत येतात, दुसऱ्यातून पोटॅशियमचे बाहेर जातात. निरोप आला की सोडियमची दारं उघडतात, मग शेजारची उघडतात, मग त्याच्या पुढची. आपण उसाला दारं धरतो तेव्हा एक सरी भरली की पुढची फोडतो, तसं. फरक एवढाच की इथे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात होतं. असा विजेचा आवेग अक्षतंतूच्या टोकाला पोचतो.

टोकाला मात्र फट असते. पुढची पेशी चिकटलेली नसते. या जागेला सिनॅप्स म्हणतात. वीज इथे थांबते आणि रसायन कामाला लागतं. टोकाशी छोट्या छोट्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. त्या फुटतात, आतलं रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं. असं एक महत्त्वाचं रसायन म्हणजे ॲसिटाइलकोलिन.

आता घंटा. शिपाईमामांनी तास संपल्याची घंटा दिली आणि ती थांबलीच नाही, वाजतच राहिली तर? कुठला तास संपला, कुठला सुरू झाला, कुणालाच कळणार नाही. घंटा वाजणं जितकं गरजेचं, तितकंच थांबणंही. फटीतलं ॲसिटाइलकोलिन लगेच तोडून टाकणारं एक विकर तिथे हजर असतं, ॲसिटाइलकोलिनएस्टरेज. घंटा थांबवण्याचं काम त्याचं. हे नाव पाठ करून घ्यायची गरज नाही, पण काम मात्र मुलांच्या पक्कं लक्षात राहायला हवं.

मुंबईत पडलेल्या माश्या

ही दारं, पिशव्या, कुलपं आहेत हे कळलं कसं? इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, आणि ती पाठ्यपुस्तकाबाहेरच राहते.

ओबैद सिद्दिकी नावाचे शास्त्रज्ञ होते. होमी भाभांनी बोलावल्यावर १९६२ साली त्यांनी मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी चिलटांच्या चेतासंस्थेवर काम केलं. त्यांच्या हाताशी काही विचित्र माश्या होत्या. एरवी ठणठणीत, उडणाऱ्या, चालणाऱ्या. पण बाटलीचं तापमान ठरावीक अंशांपुढे वाढवलं की सगळ्या धपाधप खाली पडायच्या. लुळ्या! पुन्हा गार केलं की उठून चालायला लागायच्या. एकाच जनुकात झालेल्या बदलाचा हा परिणाम. सिद्दिकी आणि बेंझर यांनी १९७६ साली दाखवलं की या माश्यांच्या स्नायूत नाही, तर चेतासंस्थेच्या निरोप देण्यातच बिघाड होतो.

अशा तीन प्रकारच्या माश्यांची नावं बघा. एक 'पॅरा', म्हणजे पॅरालिटिक, लुळी. दुसरी 'शिबिरे', हा जपानी शब्द, अर्थ बधिर झालेली. तिसरी 'कोमाटोज', कोमात गेल्यासारखी. पुढे वीस वर्षांत उलगडा होत गेला. 'पॅरा'चं जनुक म्हणजे सोडियमचं दार बनवण्याची कृती निघाली. 'शिबिरे'चं जनुक पिशव्या पुन्हा आत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचं निघालं. 'कोमाटोज'चं जनुक पिशव्या फुटण्याच्या यंत्रणेतल्या प्रथिनाचं निघालं. याच यंत्रणेच्या शोधासाठी २०१३ साली जेम्स रॉथमन आणि इतर दोघांना नोबेल मिळालं.

म्हणजे बघा, दार, पिशवी फुटणं, पिशवी परत घेणं या तिन्ही पायऱ्या 'माशी पडते का?' एवढ्या एका साध्या प्रश्नातून सापडल्या. आमच्या पोरांना हा प्रश्न विचारता येत नाही असं कोण म्हणेल?

आणखी एक माशी होती, 'शेकर'. बेशुद्धीच्या औषधात तिचे पाय थरथरायचे. तिचं जनुक पोटॅशियमच्या दाराचं निघालं. केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज मुंबईला सिद्दिकींकडे आल्या आणि वास-चव न कळणाऱ्या माश्या शोधून त्यांनी तो विषय उभा केला. आणि एक मजेची गोष्ट मुलांना जरूर सांगा. माशीच्या डोळ्यातल्या एका बिघाडावरून 'ट्रिप' नावाच्या दारांचं एक कुटुंब माहीत झालं. १९९७ साली मिरचीचा तिखटपणा ओळखणारं प्रथिन सापडलं, तर ते याच कुटुंबातलं निघालं! ठेचा खाल्ल्यावर जीभ जळते ती कुणामुळे, याची वाट माशीच्या डोळ्यापर्यंत जाते.

हे काम संपलेलं नाही. २०२४ साली या चिलटाच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक जोडण्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत. आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत आणि आघारकर संशोधन संस्थेत आजही या माश्यांवर संशोधन चालतं. वरकुट्यापासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरची ही ठिकाणं.

आता टिपाडाकडे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भागात द्राक्ष, डाळिंब, पेरू, ऊस, भाजीपाला. फवारणी ही रोजची गोष्ट. त्यातली बहुतेक कीटकनाशकं नेमकी कुठे मार करतात?

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सोडियमची दारं नीट बंद होऊ देत नाहीत, म्हणजे 'पॅरा' माशीत जे दार सापडलं तेच. इमिडाक्लोप्रिडसारखी ॲसिटाइलकोलिनच्या कुलपात जाऊन बसतात. आणि क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं घंटा थांबवणाऱ्या विकरालाच बांधून टाकतात. घंटा वाजतच राहते. किडा तडफडतो तो यामुळे.

आणि माणूस? तेच विकर, तेच रसायन आपल्यातही आहे. आपल्या स्नायूंना आकुंचनाचा निरोप ॲसिटाइलकोलिनच देतं. लाळ, घाम, डोळ्यातलं पाणी यांच्या ग्रंथींनाही तेच चालवतं. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यातून पाणी येतं, बाहुल्या बारीक होतात, नजर धूसर होते, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ही लक्षणं पाठ करायची नाहीत. 'घंटा थांबत नाही' हे एकदा कळलं की मूल ती स्वतःच सांगतं. हे मी वर्गात बघितलं आहे.

काही गटांत माणसाला थोडं संरक्षण आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पायरेथ्रॉइड आपलं शरीर लवकर मोडून टाकतं. इमिडाक्लोप्रिड किड्याच्या कुलपात जास्त घट्ट बसतं. म्हणून सगळी कीटकनाशकं सारखी नाहीत. पण ऑर्गॅनोफॉस्फरस गट माणूस आणि किडा असा भेद फारसा करत नाही. दादांना 'काही होत नाही' याचं खरं उत्तर असं की अजून तेवढी मात्रा अंगात गेलेली नाही. कधी वारा फिरला, कधी पंप गळला, कधी उघड्या हातानं टिपाड ढवळलं की होऊ शकतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो लोक दवाखान्यात होते. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. जेवण ज्या तेलात केलं होतं त्यात मोनोक्रोटोफॉस सापडलं. शाळेतली मुलं होती हो ती. आपल्यासारखीच शाळा, आपल्यासारखीच भाताची पातेली.

आणि आपण याला म्हणतो काय? औषध! 'औषध मारलं', 'औषध आणलं', 'औषधाची बाटली कपाटात ठेव'. खोकल्याचंही औषध आणि मोनोक्रोटोफॉसही औषध. शब्द बदलून जग बदलत नाही हे मान्य. पण निदान शाळेत, विज्ञानाच्या तासाला तरी आपण 'कीटकनाशक' किंवा सरळ 'विष' म्हणायला काय हरकत आहे? मी आता ठरवून म्हणतो. मुलं आधी हसली, आता घरी जाऊन सुधारतात.

वर्गात काय करता येईल?

खर्च जवळपास शून्य.

एका पारदर्शक बाटलीत जास्त पिकलेल्या केळ्याचे दोन काप टाका. दिवसभर उघडी ठेवा, चिलटं येतात. मग तोंडाला पातळ कापड आणि रबर लावा. चार-पाच दिवसांत पांढऱ्या अळ्या दिसतात, मग कोष, आणि दहा-बारा दिवसांत नवी चिलटं. मुलांना रोजची नोंद वहीत करू द्या.

चढण्याची परीक्षा घ्या. दुसरी रिकामी बाटली तोंडाला तोंड लावून उजेडाकडे धरा, चिलटं तिकडे जातात. वीसेक आली की झाकण लावा. तळापासून आठ सेंटीमीटरवर खूण करा. बाटली हलकेच आपटा, सगळी खाली पडतात आणि लगेच वर चढू लागतात. दहा सेकंदांत किती जणांनी खूण ओलांडली ते मोजा. पाच वेळा करा, सरासरी काढा. मग नवी चिलटं आणि महिनाभराची म्हातारी चिलटं यांची तुलना करा. म्हातारी हळू चढतात. कंपवातासारख्या आजारांचा अभ्यास करताना प्रयोगशाळेतही नेमकी हीच परीक्षा घेतात.

बाटली बर्फाच्या ताटलीत काही मिनिटं ठेवा, चिलटं पडतात. बाहेर काढा, थोड्या वेळात उठतात. आता विचारा, "थांबलं काय? स्नायू, की निरोप?" उत्तर लगेच देऊ नका. मुलांना भांडू द्या. तिथून सिद्दिकींच्या माश्यांची गोष्ट सुरू करा, त्या तर उलट उन्हाळ्यात पडायच्या!

एक गोष्ट मात्र अजिबात नको. चिलटांवर कीटकनाशक टाकून दाखवू नका. शाळेत ती बाटली यायलाच नको. त्याऐवजी रिकाम्या डब्याच्या लेबलचा फोटो दाखवा. त्यावरचा त्रिकोण मुलांना वाचता आला पाहिजे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे 'निर्धोक' नव्हे, सगळ्यात कमी विषारी एवढंच. आणि विषबाधा झाली तर आधी कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुवायचं, वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि ती बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं, म्हणजे डॉक्टरांना कोणतं विष ते कळतं. ॲट्रोपिनसारखं खरं औषध तिथे असतं.

हरकती येतातच

"सर, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?" हा धडा असा शिकवला तर दोन तास जास्त लागतात, हे खरं. पण चेतासंस्था, विकरं, अनुवंश, कीटकाचं जीवनचक्र हे चार ठिकाणचे विषय एका बाटलीत एकत्र येतात. नंतरचा वेळ वाचतो.

"शाळेत चिलटं पाळता?" असं एका पालकांनी मला विचारलं. मी त्यांना बाटली दाखवली, कापड बांधलेलं दाखवलं. ती चावत नाहीत. काम झालं की शाळेमागच्या उकिरड्यावर सोडून देतो, बाटली गरम पाण्यानं धुतो. पुढच्या वेळी त्यांनीच केळी पाठवली.

"माशीवरून माणसाचं कसं सांगता?" ही हरकत मला सगळ्यात आवडते, कारण ती बरोबर आहे. माशीच्या स्नायूला निरोप देणारं रसायन ॲसिटाइलकोलिन नसून ग्लुटामेट असतं. तिचं ॲसिटाइलकोलिन मुख्यतः मेंदूत आणि चेतारज्जूत काम करतं. म्हणजे भाग सारखे, मांडणी वेगळी. म्हणून शास्त्रज्ञही माशीत सापडलेलं माणसात जसंच्या तसं धरत नाहीत, तपासून बघतात. हे मुलांना सांगितलं की विज्ञान म्हणजे काय हेही त्यांना कळतं.

आणि शेतकरी पालकांसाठी एक. "पूर्वीचं औषध आता लागू पडत नाही" असं आपण म्हणतो ना? अनेकदा त्यामागे कारण असतं ते त्या दारातला किंवा त्या विकरातला जनुकाचा छोटासा बदल. चिलटांमध्येही तो सापडला आहे. दर वेळी मात्रा वाढवली तर किडा टिकतो आणि फवारणाऱ्याच्या अंगात मात्र जास्त विष जातं. माणसाच्या जनुकात असा बदल दोन हंगामांत होत नाही. गट बदलून फवारणी करा असं कृषी विज्ञान केंद्राचे लोक सांगतात, ते यासाठीच.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला पूर्ण उत्तर दिलं. आधी कबूल केलं की काल अर्धंच सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सर, दादाची घंटा अन् किड्याची घंटा एकच." मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की दादा हातमोजे घालायला तयार नाहीत, पण टिपाड ढवळायला मला आता पाठवत नाहीत.

एवढं झालं तरी धडा शिकवून झाला असं मी म्हणेन. पालकहो, तुमच्या घरी टिपाड कोण ढवळतं? एवढं आज बघा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी मधल्या सुट्टीतलं एखादं जास्त पिकलेलं केळं टाकू नका, बाटलीत ठेवा.